पुराची रेघ, आईचा गुडघा आणि दोन बोटी

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी आमच्या समा भागातल्या सोसायटीत शिरली, तेव्हा दोन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी नारिंगी रबरी बोट आली आणि जिन्याच्या पायरीला लागली. आईचं वय तेव्हा 74, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. बोटीच्या त्या फुगीर कडेवरून पाय आत टाकणं काही तिला जमेना. दोनदा प्रयत्न केला, मग दोन जवानांनी तिला उचललं आणि आत ठेवलं. ‘गव्हाचं पोतं ठेवावं तसं,’ हे तिचे शब्द.

फ्रीज गेला, सोफा गेला, तळमजल्यावरचं देवघर गेलं. त्याबद्दल आई फारसं बोलली नाही. पण पोत्याची गोष्ट तिने पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि शेवट ठरलेला: ‘पुन्हा बोटीत बसेन, पण माझ्या पायांनी.’

धाकटीचं उलटंच. ती नऊ वर्षांची. घर बुडाल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, पण शाळेच्या रस्त्यावरून बोटीतून गेलो हे तिच्या डोक्यातून उतरेना. थोरला अठराचा, रात्र रात्र परदेशी बोटींचे व्हिडिओ बघणारा. आणि मी. माझं मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. सील, बेअरिंग, इंपेलर यांत तीस वर्षं गेली. बोटीचं इंजिन म्हणजे तरी काय, पाण्यावर धावणारा पंपच की, असा माझा समज. तो बराचसा चुकीचा निघाला, पण बोट घ्यायची ठरवायला तेवढा पुरला.

हिचा प्रश्न साधा होता. ‘चांदोदला भाड्याने नाव मिळते. वर्षातून चार वेळा जाणार, त्यासाठी विकत कशाला?’ याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आत्ताही नाही.

जायचं कुठे ते मात्र ठरलेलं होतं. चांदोद आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर, डभोईवरून पुढे. आजोबांच्या वेळी नॅरोगेज गाडीने जायचे. बाबांच्या अस्थी तिथेच, नर्मदा आणि ओरसंगच्या संगमात सोडल्या. बडोद्याच्या मराठी घरांत चांदोद म्हटलं की आधी श्राद्धच आठवतं. आईला एकदा तिथे नुसतं हिंडायला जायचं होतं. संगमाच्या थोडं खाली एका मित्राची केळीची वाडी आहे, वाडीतून पाण्यापर्यंत उतार आहे. बोट तिथे ठेवायला तो तयार होता.

हिने अट घातली: बोटीच्या आधी लाइफ जॅकेट. बडोद्यात याला कारण सांगावं लागत नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आई तर त्याही मागे जाते, 1993 ला सुरसागरात नाव उलटली ते दिवस तिला आठवतात. तेव्हा घरात पहिल्यांदा आली ती आठ जॅकेटं. लहान मुलांचं जॅकेट वयावर नाही तर वजनावर घ्यायचं, आणि त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात मूल खाली राहतं आणि जॅकेट वर निघून येतं. दुकानात धाकटीला जॅकेट घातलं आणि खांद्यांना धरून वर उचललं. कानापर्यंत सरकलं तर ते परत ठेवायचं. पहिली दोन परत ठेवली. तिसरं घालून ती आठवडाभर जेवायला बसत होती.

मग बोटीचा शोध. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घ्यायची तर गल्लीत दहा मिळतात. कुटुंबाने हिंडायची सेकंडहँड मोटरबोट बडोद्यात मिळणं म्हणजे दुपारी दोनला मांडवीत पार्किंग मिळण्यासारखं. चार महिन्यांत बघण्यासारख्या दोनच सापडल्या.

पहिली वडसरच्या बाजूला, एका बंगल्याच्या आवारात ट्रेलरवर उभी होती. अठरा फुटी, अमेरिकन बांधणीची, पांढरी आणि निळी. पुढे नाकात बसायला गाद्या, मध्ये काच, मागे पोटात 3 लिटरचं चार सिलिंडरचं 135 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि बाहेर पंख्याचा पाय. गोगलगाय शिंगं आत घेते तसा तो पाय बटणावर वर-खाली होत होता. थोरल्याने गाडीतून उतरतानाच ती स्वतःची मानली. मालकाने सांगितलेली किंमत साडेसहा लाख, ट्रेलरसकट.

‘साव नवी जेवी छे,’ मालक म्हणाले. ‘दरियानुं पाणी आने अड्युं ज नथी.’ म्हणजे अगदी नव्यासारखी, समुद्राचं पाणी हिला शिवलेलंही नाही.

इंजिन चालू करून दाखवलं. बोट जमिनीवर असली तरी पंख्याच्या पायाला पाणी ओढायच्या जाळ्या असतात, त्यांवर रबराच्या दोन वाट्या बसवून बागेची नळी जोडायची, की इंजिनाला थंड पाणी मिळतं. वाट्या न लावता चालू केलं तर आतला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारं चाक, मिनिटभरात जळून जातो. ते माझ्या माहितीतलं. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात चालू. काय आवाज! थोरल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान वळवली.

मान वळवली म्हणून हात इंजिनाच्या ब्लॉकवर गेला. आम्ही यायच्या आधीच तो गरम होता.

गरम इंजिन कुणाचंही पहिल्या झटक्यात चालू होतं. वर्कशॉपमध्ये पंप विकायला येणारेही हेच करतात, आणि खरं सांगायचं तर मीही एकदा केलेलं आहे. मी काही बोललो नाही. नुसता मागे वाकून पायावरचा झिंकचा ठोकळा बघितला. घरच्या गीझरमध्ये कांडी असते ना, जी स्वतः झिजते आणि टाकी वाचवते, तेच काम हा ठोकळा करतो. खाऱ्या पाण्यात झिंक पटापट झिजतो. गोड्या पाण्यात त्याच्यावर थर बसतो आणि तो कामच करेनासा होतो, म्हणून तिथे मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा लावतात. इथला ठोकळा उंदराने कुरतडलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता. म्हणजे दरिया अडला होता, चांगला अडला होता.

हे काही बोट नाकारायचं कारण नव्हे. समुद्रातली बोट, समुद्रात चालली. पण एक गोष्ट लपवणारा माणूस दुसरीही लपवतो, म्हणून मी भरूचहून एका चाचांना बोलावलं. भाडभूतच्या बाजूला पावसाळ्यात हिलसा मासे धरणाऱ्या नावा असतात, त्यांची ओबीएम, म्हणजे मागे टांगायची इंजिनं, चाचा दुरुस्त करतात. आम्ही न सांगता सकाळी सात वाजता गेलो. मालक बनियनवर बाहेर आले.

थंड इंजिन अकराव्या झटक्याला लागलं. निळसर पांढरा धूर आला आणि बोगनवेलीत शिरला. चाचांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. त्यांनी मागची सीट उचलली, गादीखालची फळी काढली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला म्हणाले, ‘साहेब, जरा आव जो.’

आत, फायबरच्या भिंतीवर, इंजिनाच्या निम्म्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. तिच्याखाली सगळं किंचित मळकट, वर पांढरं. रेघ अगदी सरळ नव्हती, एका बाजूला बोटभर वर चढलेली, कारण ट्रेलर त्या बाजूला कललेला होता.

ही रेघ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशीच आमच्या हॉलच्या भिंतीवर होती. दोनदा रंग देऊनही पावसाळी हवेत ती अजून उमटते. समा असो, वडसर असो, अकोटा असो, 2024 नंतर बडोद्याचा माणूस अंधारातही ती ओळखेल.

‘आ तो डूबेली छे,’ चाचा म्हणाले.

ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली, वर ताडपत्री घातलेली बोट, आपल्याच आवारात बुडाली होती. तळाच्या भोकाचं बूच पावसाचं पाणी निघून जावं म्हणून काढून ठेवलेलं असतं. पूर त्यातूनच आत आला असणार. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण त्या आठवड्यात आम्ही सगळेच बुडालो होतो आणि त्यानंतर प्रत्येकाने काही ना काही पुसून पुसून विकलं होतं. मीही दोन मोटारी तशाच विकल्या आहेत, फक्त सांगून विकल्या.

मालकांना रेघ दाखवली. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग एकदम पावणेपाच लाखांवर आले.

आणि इथे मी चळलो, हे कबूल केलं पाहिजे. बुडालेलं इंजिन म्हणजे माझं रोजचं काम. स्टार्टर उघडता येतो, अल्टरनेटर उघडता येतो, वायरिंग बदलता येतं, आत गेलेला गाळ धुता येतो. रात्री कागदावर मांडत बसलो. पायाला बोटीशी जोडणारा रबरी भाता बदलायचा, तो फाटला तर बोटीत पाणी शिरतं, त्यामुळे तिथे जोडजाड चालत नाही. त्यामागचं बेअरिंग गाळात बसलेलं, तेही गेलंच. सुटे भाग मुंबईहून. वर पूर्ण वेगात ताशी 45 लिटरच्या आसपास पेट्रोल. नर्मदामैयाच्या दर्शनाला तासाला चार हजारांहून जास्त. शिवाय आयातीच्या कागदांची नुसती झेरॉक्स होती, तीही अर्धी. थोरला शेजारी बसून म्हणत होता, ‘बाबा, उलट आता तर स्वस्त झाली ना!’

रविवारी सगळ्यांना घेऊन गेलो. आईने बोटीला प्रदक्षिणा घातली. ट्रेलरवर कड तिच्या खांद्याच्या वर येत होती. मालक म्हणाले, पाण्यात एवढी उंच लागत नाही, आणि चढायला मागे छान फळी आहे, परदेशात सगळे तिथूनच चढतात.

‘पंख्यावरून?’ आईने विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मागच्या दाराने घरात शिरायचं वय गेलं माझं.’

‘आणि बसतात किती?’

‘आरामथी बार.’

बारा? मी लांबी-रुंदी मोजली. साध्या लहान बोटीसाठी एक ढोबळ हिशेब आहे: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. अठरा गुणिले साडेसात, म्हणजे नऊ. हा कमाल आकडा, शांत पाण्यातला. हरणीनंतर कुणी ‘आरामथी’ म्हटलं की माझा कान टवकारतो.

दुसरी बोट उकाईच्या जलाशयावर होती. बडोद्याहून सुरत, तिथून सोनगढ, साडेचार तास. चाचांना भरूचला गाडीत घेतलं. ही दिसायला अगदीच गरीब: सोळा फुटी, सहा फूट रुंद, इथेच बनलेली फायबरची, हिरवा रंग उन्हाने पिस्त्यासारखा झालेला. नाक टोकदार नव्हतं, परातीसारखं पसरट, आणि खाली तीन उंचवटे. मागे यामाहाचं 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक एंड्युरो, जे आपल्याकडे कोळ्यांच्या नावांपासून पर्यटनाच्या बोटींपर्यंत सगळीकडे दिसतं. मालक एक निवृत्त गृहस्थ, धरणाच्या कामावर आयुष्य गेलेलं. मागितले दोन लाख साठ हजार. थोरला गाडीतून उतरलाच नाही.

‘खराब काय आहे ते मीच सांगतो,’ मालक आमच्याशी हिंदीत म्हणाले. ‘चालवणाऱ्याच्या पायाखालची फळी मऊ झालीय. स्टिअरिंग जड आहे. आणि धूर फार करते.’

हे ऐकूनच मी अर्धा विकत गेलो होतो, पण चाचा गेले नाहीत. ते खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून बोटीला वाजवत निघाले. टक, टक, टक, आणि मालकांनी सांगितलेल्या जागी थप्प. टक म्हणजे फायबर आणि आतलं लाकूड एकमेकांना धरून आहेत, थप्प म्हणजे आत पाणी मुरून थर सुटलेत. नारळ बघतो तसंच, फक्त इथे पाणी असलं तर वाईट. मागच्या भिंतीला, जिच्यावर इंजिन टांगतात, त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. त्या भिंतीत प्लायवूड असतं. ते कुजलं तर बाकी बोट कितीही चांगली असो, एक दिवस इंजिन भिंतीसकट तळाला जातं. चाचांनी इंजिनाचा पाय दोन्ही हातांनी धरून वर-खाली जोर दिला आणि मला भिंतीकडे बघायला सांगितलं. हलली नाही. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या, त्यांना त्यांनी हाताने झटकून टाकलं. वरच्या रंगाच्या आहेत, म्हणाले, माझ्या चेहऱ्यावर नाहीत का?

मग गिअरचं तेल. पायाच्या खालचा स्क्रू काढला, दोन थेंब तळहातावर घेतले आणि उन्हात धरले. दुधाळ निघालं असतं तर सीलमधून पाणी आत जातंय. काळं निघालं, पण स्वच्छ काळं. पंखा काढून शाफ्टवर मासेमारीचा धागा गुंडाळलाय का तेही बघितलं. तो धागाच सील कापतो. निघाला, वीतभर. चाचांनी तो खिशात घातला. कशाला, कोण जाणे.

दोन्ही प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज लावला. एका सिलिंडरला 118, दुसऱ्याला 121. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचं; दहा टक्क्यांच्या वर गेला की इंजिन उघडायची तयारी ठेवायची. इथे तीन टक्केही नव्हता.

‘इंजिन बुढ्ढुं छे,’ चाचा म्हणाले, ‘पण चोर नथी.’

पाण्यात उतरवली. चाचांनी आधी बूच तपासलं, मग लाल गुंडाळीची दोरी स्वतःच्या मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर ही दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. इंजिनाच्या बाजूने बारीक धार सुटली. ती धार म्हणजे थंडाव्याचं पाणी फिरतंय. धार थांबली की इंजिन थांबवायचं, बाकी काही ऐकायचं नाही. वेगात लाटेवर तिचं पसरट नाक धपाधप आपटत होतं, कंबरेला कळत होतं. अठरा फुटी बोट तिथे सुरीसारखी गेली असती. पण थांबवली आणि मी मुद्दाम एका कडेला जाऊन उभा राहिलो, तर झुकली नावाला. तीन उंचवट्यांची बोट वेगात त्रास देते आणि उभी असताना पाटासारखी बसते. आम्हाला वेग हवा होता की पाट, हे मला तिथे, उकाईच्या मधोमध, पहिल्यांदा नीट कळलं.

काठावर परत आल्यावर नाक वाळूत टेकवलं आणि टेप लावली. वाळूपासून नाकाच्या कडेपर्यंत 17 इंच.

त्या रात्री घरी हॉलमध्ये दोन खुर्च्यांना साडीची दोरी बांधली, जमिनीपासून बरोबर 17 इंचांवर. वर पुराची रेघ, खाली ही दोरी. आईला म्हटलं, ओलांड. तिने आधी मला वेड लागलंय का बघितलं. मग पदर खोचला, हिच्या खांद्यावर हात ठेवला, डावा पाय टाकला, आणि उजवा दोरीत अडकला. पुन्हा. पुन्हा अडकला. धाकटी हसायला लागली, तिला दटावली. आई घामाघूम झाली होती आणि मला ‘राहू दे’ म्हणायचा धीर होत नव्हता.

‘देवघरातला पाट आण,’ आई म्हणाली.

शिसवी पाट, खाली आडव्या पट्ट्या, उंची चार इंच. पुरातून वाचलेल्या थोड्या वस्तूंपैकी एक, कारण तो तरंगला. पाटावर उभी राहिली, डावा पाय टाकला, मग उजवा. आणि पलीकडे उभी राहून तिने आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं, जसं सोसायटीच्या जिन्यावर त्या जवानांकडे बघायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उकाईला फोन केला. दोन लाख तीस हजारांना ठरलं. थोरला दोन दिवस जेवणापुरतं बोलत होता. मला त्याचं वाईट वाटलं. त्याच्या वयाला ती पांढरी-निळीच शोभली असती.

पुढचं भराभर सांगतो. हायड्रा क्रेनने उचलून आयशर ट्रकमध्ये, खाली जुने टायर. मऊ फळी कापून नवं मरीन प्लाय आणि वर फायबर, ते काम चाचांच्या ओळखीने. स्टिअरिंगची केबल, इंपेलर, प्लग, पेट्रोलची नळी आणि तिच्यातला हाताने दाबायचा रबरी फुगा, सगळं नवं. नळीचं खास सांगतो: आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि बोट महिना-महिना उभी राहिली की पाणी धरलेलं इथेनॉल टाकीच्या तळाशी बसतं, जिथून नळी ओढते. जुनं रबरही त्याने लवकर मऊ पडतं. त्यामुळे टाकीत मुळीच ठेवत नाही. निघायच्या दिवशी कॅनमध्ये घेतो, त्यात टू-स्ट्रोकचं मरीन ऑइल पन्नासाला एक या प्रमाणात मिसळतो, आणि परत आल्यावर नळी काढून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. एकूण खर्च तीन लाखांच्या थोडा वर गेला.

कागदपत्रांना चार महिने लागले. इंजिनाच्या बोटीला 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली नोंदणी लागते, तपासणी लागते, विमा लागतो. बिलावर इंजिन नंबरातला एक आकडा चुकला होता, तेवढ्यासाठी उकाईला पुन्हा जाऊन आलो. एका खिडकीवर मला विचारलं, बोट धंद्यासाठी आहे का. नाही म्हटलं. मग कशासाठी? मी म्हटलं, आईसाठी. त्यांना रकाना सापडेना.

सोळा गुणिले सहा, भागिले पंधरा: सहा. आम्ही पाच आणि मेव्हणे. आठ जॅकेटांपैकी दोन कपाटातच राहिली.

पहिल्यांदा निघालो ती डिसेंबरातली सकाळ. मित्राच्या वाडीच्या उतारावर नाक वाळूत टेकवलं, पाट खाली ठेवला. आई पाटावर चढली, हिच्या खांद्यावर हात ठेवला, डावा पाय, मग उजवा. मध्ये कुणी बोललं नाही. बसल्यावर तिने जॅकेटच्या पट्ट्या स्वतःच आवळल्या आणि म्हणाली, ‘पाट घ्या रे वर, राहील तिथेच.’ संगमापर्यंत गेलो, समोर करनाळीचे घाट, कुबेरभंडारीचं देऊळ. जिथे बाबांच्या अस्थी सोडल्या त्या जागी तिने थांबायला सांगितलं नाही. हात नुसता पाण्यात सोडून ठेवला. मगरी असतात म्हणून मी म्हणालो, तर म्हणाली, बडोद्यात एवढी वर्षं काढली, आता कुठे घाबरवतोस.

वाळूच्या एका पट्ट्यावर बोट टेकवून जेवायला बसलो. डबे, ढोकळा, शेवेची पिशवी. दोन तास गेले असतील. थोरला उठून बघायला गेला आणि तिथूनच ओरडला.

बोट पाण्यात नव्हती. पाणीच तिच्यापासून आठ-दहा पावलं लांब गेलं होतं. वर सरदार सरोवराच्या वीजघरातून सोडायचं पाणी कमी-जास्त झालं की खाली चांदोदला पातळी हलते. मित्राने बजावलं होतं, मी मान डोलावली होती. हिरवी बोट चिखलात तीन उंचवट्यांवर बसली होती, आणि तिचा पाय वर करायचाही राहिला होता, पंखा वाळूत रुतलेला.

इंजिनासकट सव्वाचारशे किलो असेल. पलीकडून कोळ्यांची दोन पोरं आली, कुठून तरी दोन बांबू आणले, बांबू नाकाखाली सरकवले. पंखा हाताने उकरून मोकळा केला. मी, मेव्हणे, थोरला, ही, आणि ती दोघं; एक, दोन, हय्या. वीतभर सरकली. पुन्हा. थोरला गुडघ्यापर्यंत चिखलात होता, पांढऱ्या बुटांसकट.

‘बाबा,’ तो धापा टाकत म्हणाला, ‘ती दुसरी किती किलोची होती?’

‘टनाच्या वर.’

त्यावर तो काही बोलला नाही, खांदा लावला. अर्ध्या तासाने नाक पाण्याला लागलं. सगळे चढलो, इंजिनाला झटका दिला, लागेना. पुन्हा, लागेना. प्लग बघायला वाकलो तेव्हा धाकटीने माझा शर्ट ओढला आणि मागे बोट दाखवलं.

आई अजून वाळूवर, पाटावर बसली होती. इंजिनाची लाल दोरी तिच्या मनगटात होती. जेवायला उतरताना मीच, हरवू नये म्हणून, तिच्याकडे दिली होती.

‘झालं का तुमचं ढकलून?’ तिने विचारलं. ‘मग नाक इकडे लावा. आणि कुणी हात द्यायला येऊ नका.’